कुरतडलेलं पान

जानेवारी लागला की दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरसमोरचा कडुलिंब सकाळी दहापर्यंत धुक्यात गायब असतो. दूधवाला आधी ऐकू येतो, मग दिसतो. घरात मोज्यांवर मोजे, गॅसवर सतत चहा आणि दिवाणावर रजईचा एक ढीग. त्या ढिगाच्या आत माझी मुलगी इरा परीक्षेचा अभ्यास करत असते. आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष. परवा ढिगातून आवाज आला, "आई, गॉथिक एका लाइनीत सांग ना यार. बिल्कुल डोक्यात जात नाहीये."

"आईला यार म्हणतात का गं?"

"सॉरी. पण सांग ना. पॉइंटेड आर्च, रिब्ड व्हॉल्ट, फ्लाइंग बट्रेस. तिन्ही लिहिले की पाच मार्क पक्के. पण ते सगळं कशासाठी, हे कुणी सांगतच नाही."

मी इंजिनियर. टोकदार कमान वरचा भार कसा खाली उतरवते, भिंतीला बाहेरून टेकू का द्यावा लागतो, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे आलं एक पान. दगडाचं. कडेला वाटाण्याएवढं भोक पडलेलं.

"एक कुरतडलेलं पान होतं," मी म्हटलं.

"कुरतडलेलं म्हणजे?"

घ्या! दिल्लीत वाढलेल्या पोरांची ही गंमत. बट्रेस माहीत, कुरतडणं माहीत नाही. मी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि म्हटलं, तुझा पेपर होऊ दे, मग दाखवते.

*

बारा वर्षांपूर्वीची थंडी अशीच होती. पुण्याहून बदली होऊन मला तीन महिने झाले होते. इरा तेव्हा सात वर्षांची. सरकारी बांधकाम खात्यात माझं काम म्हणजे गळक्या गच्च्या, तुंबलेले पाइप आणि त्यांवरची पत्रं. एके दिवशी आमचे मोठे साहेब, माथुरसाहेब, यांनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली. रिजच्या, म्हणजे दिल्लीतल्या त्या रानटेकडीच्या, पायथ्याशी एका सरकारी आवारात इंग्रजांच्या काळातलं, गॉथिक धाटणीचं एक जुनं चर्च होतं. त्याच्या ओवरीची दुरुस्ती करायची होती. "आप महाराष्ट्र से हैं, क़िले-विले बहुत देखे होंगे," साहेब म्हणाले. तेवढ्या पात्रतेवर मला काम मिळालं.

पहिल्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा धुक्यात फक्त कमानी दिसत होत्या, खालचे खांब नाहीतच. टोकदार कमानींची एक रांग हवेत लटकलेली. अगंबाई, म्हटलं, हे काय! मग जवळ गेले तसे खांब आले. बुटके, गुडघ्याएवढ्या कट्ट्यावर उभे, तरी जेमतेम माझ्या खांद्याला लागणारे. एकूण बारा. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर पानांचा एक झुबका कोरलेला. त्यातले सहा माथे पार गेलेले, कारण त्या बाजूचं पन्हाळं कित्येक वर्षं गळत होतं. बोट लावलं की दगड साखरेसारखा झरायचा. उरलेले सहा शाबूत होते, पण दर नाताळाआधी चुन्याचा हात मारून मारून त्यांची पानं गुबगुबीत झाली होती.

मी काय केलं? जे मला शिकवलं होतं तेच. शाबूत माथ्यांपैकी बरा दिसणारा एक निवडला, त्याच्यावर पत्रा धरून आकार काढला, पत्रा कातरून फर्मा तयार केला आणि कागदावर लिहिलं, याप्रमाणे सहा नग, तंतोतंत. फर्मा दगडाला लावला आणि मधून उजेड दिसला, तर दगड नापास. माझ्या खात्यात असंच चालतं. खिडक्या अशाच मोजतात, फरशा अशाच मोजतात. पानं मोजताना वेगळं काही करायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दगड घडवायला आग्र्याहून बशीर उस्ताद आले. साठी उलटलेली, अंगात दोन स्वेटर, वर शाल, आणि त्यावर दगडाच्या धुळीचा तिसरा स्वेटर. ऊन जिथे पडेल तिथे ते आपलं गोणपाट सरकवत. दहा वाजता पूर्वेच्या कोपऱ्यात, दोनला पश्चिमेच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कमानीकडे बघून मान डोलावली होती. "नोकवाली मेहराब. ये तो हमारे घर की चीज़ है, मैडम. हमारे यहाँ अंग्रेज़ों से बहुत पहले से है।" मग ते एकेका खांबापाशी गेले आणि माथ्यावरून बोटं फिरवत राहिले, डोळे मिटून. मला वाटलं, म्हातारा वेळ काढतोय.

काम करताना ते गुणगुणत. छिन्नीची टिक टिक आणि त्याखाली ते गुणगुणणं. मधूनच खोकला. खिशात कागदात बांधलेली गजक असायची. चार वाजता तिळगुळाच्या त्या वडीचा एक तुकडा मोडून माझ्यापुढे धरायचे. सांगलीच्या आमच्या घरी संक्रांतीला आई असाच तिळगूळ हातावर ठेवायची, म्हणून मी नाही म्हणू शकत नसे.

पहिला माथा झाला. मी फर्मा घेऊन गेले. सगळं छान, कडा सुरेख, शिरा अशा की पान हलेल. आणि एका पानाला भोक! वाटाण्याएवढं, शेजारची कड दातेरी.

"ये क्या? टूट गया?"

"टूटा नहीं, मैडम।"

"फर्मे में छेद है क्या?"

"जी नहीं।"

"तो पत्थर में क्यों है?"

त्यांनी भोकाच्या कडेवरची धूळ फुंकली. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे मला माहीत आहे, माझ्या नवऱ्याला तर फारच माहीत आहे. मी लाल खडू काढला आणि त्या दगडावर, बरोबर पानांवरच, मोठी फुली मारली. उस्ताद "जी" म्हणाले. दगड उचलून भिंतीपाशी नेला आणि तोंड भिंतीकडे करून ठेवला. चार वाजता नेहमीसारखी गजक मोडली, मला तुकडा दिला. मी तो खाल्लाही. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

*

त्यानंतर गुणगुणणं बंद झालं. उस्ताद फर्म्याबरहुकूम दुसरा माथा घडवत राहिले, आणि तो पुढे सरकेना. तीन आठवडे गेले. चर्चच्या पाद्रीबाबांना ईस्टरच्या आत ओवरी मोकळी हवी होती. माथुरसाहेबांनी मला बोलावलं. लवंग चघळत म्हणाले, "मानेसर में मशीन है। छहों दगड एक हफ़्ते में निकाल देगी।" दगड हा शब्द ते खास माझ्यासाठी वापरायचे. "उस्ताद को छुट्टी दे दीजिए। आप फर्मा वहाँ ले जाइए।"

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मशीन वाद घालत नाही, खोकत नाही, भोकं पाडत नाही. वाईट एवढंच वाटलं की उस्तादांना तोंडावर सांगावं लागणार. ते मी दोन दिवस पुढे ढकललं आणि आधी मानेसरला गेले.

धुक्यात कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागलेली, दिवे लावून. शेअर ऑटोत मफलर गुंडाळलेली माणसं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत दगड कापणारी ती शेड सापडली. आणि मशीनवर कोण, तर आपल्या बीडचे जाधव! चाळिशीचे, कानाला गुंडाळलेलं उपरणं. माझं नाव ऐकताच, "या मॅडम, या, चहा घ्या," असं म्हणाले, आणि त्या परमुलुखात मला अगदी माहेरी आल्यासारखं झालं.

जाधवांनी फर्मा बघितला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मॅडम, एक विचारू? हे पान कशाचंय?"

"डिझाइनचं."

"ते झालंच हो. पण झाड कुठलं?"

"मशीनला काय फरक पडतो?"

"मशीनला नाही पडत," जाधव म्हणाले. "मी आपलं विचारलं. बटण दाबलं की मला आठ तास तेच बघत बसायचं असतं ना."

मी चहाचा घोट घेतला आणि उत्तर शोधायला लागले. वडाचं नाही, पिंपळाचं नाही, द्राक्षाचं नाही. कशाचंच नाही. मी सहा नग तंतोतंत मागत होते, आणि मी काय मागतेय हे मलाच माहीत नव्हतं. जाधवांना म्हटलं, दोन दिवस थांबा. परतीच्या वाटेवर बस जयपूर हायवेवर अडकली आणि तो प्रश्न माझ्या शेजारी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून बादली, मऊ ब्रश आणि इराचा जुना टूथब्रश घेऊन चर्चमध्ये गेले. ज्या माथ्यावरून फर्मा काढला होता त्याच्यापाशी कट्ट्यावर बसले. कोमट पाणी लावायचं, चुना भिजू द्यायचा, बांबूच्या कामटीने हळू सोडवायचा. एक थर, दुसरा थर, किती नाताळ निघाले कोण जाणे. उस्ताद आले, लांबून बघत राहिले, मग आपला ब्रश घेऊन शेजारी बसले.

दुपारपर्यंत पान दिसलं. तुतीचं पान! आपल्या दिल्लीतल्या रस्त्यारस्त्यावर असतं ते. आणि त्या पानाच्या कडेला भोक, भोकाशेजारी दातेरी कड, आणि शिरेच्या आडोशाला चुन्यातून हळूहळू बाहेर आली एक अळी. शेंगदाण्याएवढी, पाठीवर वळ्या असलेली, पोट भरल्यावर निवांत पडलेली.

काय सांगू तुम्हाला! मी ओल्या फरशीवर बसकणच मारली.

पुढच्या दोन दिवसांत बाकीचे पाचही धुतले. एकावर विलायती ओकचं पान होतं, नीटनेटकं आणि मलूल, कागदावरून उतरवल्यासारखं. बाकी मात्र एकाचं पान दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कुठे पिंपळ, कुठे वेल, एकावर तर चक्क बथुआ, आपल्या भाजीवालीकडे थंडीत जुडी मिळते तो. शेवटच्या माथ्याच्या मागच्या बाजूचं पान नुसतंच खरवडून सोडलेलं. कारागीर कंटाळला होता, की आजारी पडला, की दिवस मावळला, देव जाणे.

"आपको मालूम था?" मी उस्तादांना विचारलं.

"पहले ही दिन। चूने के नीचे उँगली को छेद लगा था।"

"तो बताया क्यों नहीं?"

त्यांनी ब्रश झटकला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आपने पूछा कब? आप तो नाप रही थीं।"

*

पुढे मी या विषयावर सापडेल ते वाचत गेले. ज्या काळात हे चर्च बांधलं, त्याच काळात तिकडे विलायतेत गिरण्यांच्या धुराला कंटाळलेली काही विचारी माणसं जुन्या गॉथिक देवळांकडे वळली होती. त्यांचं म्हणणं असं की त्या जुन्या पाथरवटांना स्वतःच्या मनाने घडवायची मुभा होती. म्हणून ते काम कुठे खडबडीत आहे, कुठे वेडंवाकडं, पण त्यात माणूस आहे. माणसाकडून यंत्रासारखी सफाई मागितलीत तर ती मिळेल, पण त्याचं डोकं आणि मन तुम्ही दाराबाहेर ठेवायला लावलंत. त्यातले काही तर स्वतः मागावर बसले, रंधा हातात घेतला. हे वाचताना मी वहीत रेघा मारत होते, आणि दर रेघेला मला माझी लाल फुली आठवत होती.

रागही आला, लपवत नाही. कामगाराच्या मनाची एवढी काळजी करणाऱ्यांच्याच देशातल्या साहेबांनी इथल्या पाथरवटाच्या हातात ओकचा कागद दिला ना? ज्याने ओक जन्मात बघितला नव्हता, त्याच्या? उन्हात बसवून, नाव कुठेही न लिहिता? त्या माणसाने एक ओक करून दाखवला, साहेब खूश झाला असेल, आणि मग त्याने अंगणातली तुती कोरली. अळीसकट. तेव्हाच्या मुकादमाने ती पास केली. माझ्याकडून ती झाली नसती.

पण उस्तादांपुढे मी हे फार रंगवून सांगायला लागले की ते छातीवर हात ठेवायचे. "मशीन को बुरा मत कहिए। मेरे फेफड़ों से पूछिए।" दगड फोडण्याची, चौकोनी करण्याची धूळ चाळीस वर्षं त्यांच्या आत गेली होती. खोकला तिचाच होता. 

मग मी माथुरसाहेबांकडे गेले. मी नोंद लिहून नेली होती. फर्मा चुकीचा आहे. चूक माझी आहे. नापास केलेला दगड बरोबर होता. सहा माथे एकसारखे नसावेत, आणि ते बशीर उस्तादांनीच करावेत. आमच्या खात्यात चूक कधी पावसाची असते, कधी आधीच्या अधिकाऱ्याची. 'माझी' असं लिहिलेला कागद साहेबांनी बहुधा पहिल्यांदा पाहिला. दोनदा वाचला.

"ये आपकी रिपोर्ट में जाएगा, मालूम है?"

"जी सर."

"और ईस्टर?"

म्हटलं, दगडाची फोडाफोड मशीनला करू दे. जाधव चौकोनी, गोल, हवे तसे कच्चे ठोकळे कापून देतील. पानं तेवढी उस्तादांच्या हाताला ठेवा. उस्तादांना धूळ कमी, आम्हाला वेळही कमी लागेल. साहेब लवंग चघळत राहिले. मग म्हणाले, "पत्ता कौन सा, ये काग़ज़ पर कैसे लिखेंगी? हर चीज़ का ब्योरा लगता है।"

मी त्यांच्यासमोरच लिहिलं, 'पत्ता: कारीगर की मर्ज़ी से।'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं, आणि सही केली. वर्षभराने तपासणीवाल्यांनी त्या ओळीवर प्रश्न काढला तेव्हाही ते स्वतः उत्तर देत बसले होते, मला बोलावलं नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि मी त्यांना ते कधी नीट सांगितलं नाही.

*

फेब्रुवारीत ऊन आलं आणि गुणगुणणंही परत आलं. भिंतीकडे तोंड केलेला दगड मी स्वतः सरळ केला. लाल फुली धुतली, पण दगडाच्या कणांत थोडी गुलाबी झाक राहिलीच. उस्ताद म्हणाले, राहू द्या. तो माथा पहिला चढला. मग कडुलिंब झाला, मग मेथी, मग बोर काट्यांसकट. जाधव एका रविवारी मानेसरहून मुद्दाम बघायला आले, त्यांनी कापलेल्या ठोकळ्यातून निघालेल्या मेथीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आता कळलं बघा कशाचं पान." पाचव्या माथ्यावर उस्तादांनी काय केलं असेल? आग्र्याच्या त्यांच्या घरामागचा पडवळाचा वेल.

सहाव्याला त्यांनी मला विचारलं. "बिटिया, ये आपका। आपके मुल्क का कौन सा पत्ता?"

मॅडमची मी कधी बिटिया झाले, मला कळलंच नाही. मी म्हटलं आपटा. दसऱ्याला आम्ही सोनं म्हणून वाटतो तो. पण दिल्लीत आपटा कुठला आणायचा? इथली आम्ही सगळी मराठी मंडळी दसऱ्याला कचनारची पानं तोडतो, तीही तशीच जोडपानासारखी असतात, आणि आपटा म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवतो. चूक आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे आनंदाने करतात. आवारातल्या कचनारची पानं मी उस्तादांना आणून दिली, हे सगळं सांगून. ते एवढे हसले की खोकल्याची उबळ आली. म्हणाले, मग हे तर करायलाच हवं.

शेवटच्या दिवशी त्यांनी छिन्नी माझ्या हातात दिली. एक पान बाकी होतं, त्याच्या कडेवर कोळशाने खूण केलेली.

"यहाँ एक छेद चाहिए।"

"मुझसे बिगड़ जाएगा, उस्ताद."

"बिगड़ेगा ही। पहली बार है।" एवढं बोलून ते माझ्याकडे पाठ करून चहा प्यायला निघून गेले. समोर उभे राहिले असते तर माझा हात चालला नसता, हे त्यांना माहीत होतं.

मी हातोडी मारली. काही झालं नाही. जोरात मारली, तर वाटाण्याऐवजी लिंबाएवढा टवका उडाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उस्ताद परत आले, वाकून बघितलं. मी म्हटलं, दुरुस्त करा ना. त्यांनी छिन्नी पुसून पिशवीत टाकली.

"रहने दीजिए। कीड़ा भूखा था।"

चार-पाच वर्षं ईदला मी फोन करत असे. मग एकदा तो नंबर लागेना. त्यांचं नाव त्या ओवरीत कुठेही नाही. मी लिहायला हवं होतं, तेवढी अक्कल तेव्हा आली नाही, म्हणून आता हे लिहितेय.

*

इराचा पेपर शुक्रवारी झाला. शनिवारी सकाळी आम्ही मेट्रोने गेलो. धुकं होतंच, कमानी आधी दिसल्या, खांब नंतर. "ओ वाव," ती म्हणाली, आणि फोन काढून तिन्ही नावं मोठ्याने म्हणत फोटो काढायला लागली.  ती हळूहळू खांबांपाशी आली. फोन खिशात गेला. तुतीपाशी वाकली, अळी दिसल्यावर किंचाळली, आणि वळून म्हणाली, "हेच का ते, कुरतडलेलं?"

"हेच."

मग ती एकेका माथ्यापाशी थांबत गेली. गुलाबी झाक असलेल्या पानांवरून हात फिरवला. मेथी ओळखली. बोर ओळखलं. शेवटच्या खांबापाशी बराच वेळ उभी राहिली.

"आई, हा आपटा ना? बाकी सगळं इतकं भारी केलंय, आणि इथे बघ, कुणीतरी पार वाट लावलीय."

"मी लावलीय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातमोजा काढला आणि त्या वेड्यावाकड्या भोकात बोट घातलं.

"त्यांनी तुला करू दिलं?"

"हो," मी म्हटलं. "करू दिलं."